निळ्या रबराखाली

निळं रबर ताणून धरते मी चार बोटांत.
त्याला एकच भोक, एकाच दाढेपुरतं.
बाकीचं तोंड मागे राहतं:
जीभ, थुंकी, गावाचं नाव, तक्रार.
औषध घशात उतरू नये,
बारीक सुई निसटून आत पडू नये, म्हणून हे सगळं.
कॉलेजात शिकवलं, दात कोरडा राहिला पाहिजे.
रबराखालचा माणूस कसा राहतो,
हे परीक्षेला नव्हतं.

मोहाडीचं ग्रामीण रुग्णालय, मे महिना,
कूलर आहे, त्यात पाणी नाही.
पंचफुला हेडाऊ, राहणार आंधळगाव, वय अंदाजे साठ,
खालची डावी दाढ.
मुठीत एसटीचं अर्धं तिकीट, घामाने ओलं.
क्लॅम्प बसला, फ्रेम चढली,
आणि तिसऱ्या मिनिटाला
त्यांनी सगळंच ओढून काढलं.
क्लॅम्प फरशीवर टणकन वाजला, कपाटाखाली गेला.
"जीव गेला ना माहा, बाई!
नाक चोंदलं हाय, सांगू कसी?
मांजरीच्या पिलाले पोत्यात घालते, तसं केलं तुमी."

मी चिडले. खोटं कशाला सांगू.
बाहेर अठ्ठावीस जण, लाइटचा भरवसा नाही.
म्हटलं, "आजी, थोडं सहन करा."
"सहनच करायचं होतं
तं दातच दुखू देला असता."

वाटलं, आता येत नाहीत.
मंगळवारी आल्या.
पिशवीतून फडकं काढलं, जुन्या सुती लुगड्याचं,
धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं,
मधे तोंडाच्या मापाचं गोल कापलेलं.
"थे रबर गालाले चिकटते. घाम येते, मंग खाजोते.
खाली हे घाला."

पुस्तकात होतं हे. बारीक टायपात, पानाच्या तळाशी.
मी कधी मागवलंच नव्हतं.
फडकं ऑटोक्लेव्हमध्ये टाकलं,
ते निघेपर्यंत त्या भिंतीला टेकून बसल्या.

ओठांना खोबरेल मागितलं त्यांनी.
मी म्हटलं, तेलानं रबर सडतं, ही जेल लावते.
एवढं तरी मला येत होतं.
नाकाखालचं रबर दुमडलं,
कडेला एक भोक जास्तीचं पाडलं, श्वासासाठी.
बोटांचं ठरवलं: एक म्हणजे थुंकी,
पंजा म्हणजे थांब,
आणि पंजा दिसला की मी थांबणार,
बाहेर कितीही जण असोत.

मग फ्लॉसचा दोरा काढला, तेव्हा त्यांचे डोळे बदलले.
त्यांच्या पुढच्या दोन दातांत खाच आहे,
पन्नास वर्षं कोशाचं सूत दातानं तोडल्याची.
मी दोरा सरळ खाली दाबला.
पंजा वर.
थांबले.
त्यांनी हवेत दोन बोटांनी दाखवलं,
असं नाही, असं,
कडेकडेनं, मागेपुढे, सुताला कळू न देता.
तसं केलं.
रबर दोन दातांमधून उतरलं, आवाज न करता.

नंतर फक्त त्यांचे पाय हलत राहिले खुर्चीवर,
डावा, उजवा, डावा,
पावड्या दाबाव्यात तसे.
मी आत खोल, मुळाच्या टोकाशी,
कान त्या पायांकडे.
अर्ध्या तासानं ते थांबले.
मी घाबरून मनगट धरलं.
बाई घोरत होत्या.
नाकानं.

जाताना फडकं परत मागितलं. "माहं हाय थे."
म्हटलं, असली वीस करून द्याल?
त्यांनी भाव सांगितला, मी मान डोलावली,
मग त्यांनीच दोन रुपये कमी केले.

स्टोअरच्या मागणीपत्रात लिहिलं:
फडकं, सुती, मऊ, नग वीस.
बाबूनं चष्मा वर सरकवला,
"मऊ" खोडलं,
आणि तीन कोटेशनं आणा म्हणाला.